पत्रा लावणार नाही

"बाहेरून स्टीलचा पातळ पत्रा चिकटवा, मॅडम. ड्रॉइंग बदला, सही करा, विषय संपला," सेल्वकुमार सर म्हणाले.

"मग आपला डबा जुन्या डब्याइतकाच जड होईल," मी म्हटलं.

"होऊ दे."

"मग आपण विकतोय काय?"

"विश्वास," ते म्हणाले आणि त्यांनी कॉफीचा टंबलर उचलला.

सेल्वकुमार सर आमचे मालक. चेन्नईच्या आवडी उपनगराजवळ त्यांची छोटीशी कंपनी आहे आणि मी तिथली डिझाइन हेड. मूळची मी सांगलीची. नवऱ्याची बदली आवडीच्या संरक्षण कारखान्यात झाली आणि मी चेन्नईकर झाले. आम्ही जहाजावर चढणारे मालाचे कंटेनर, आमच्या भाषेत डबे, बनवतो, पण भिंती आणि छत कंपोझिटचं. कंपोझिट म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून कडक केलेलं. असे दोन थर आणि मध्ये फोम. स्टीलच्या भिंतीपेक्षा हे बरंच हलकं होतं. ट्रकवर किती वजन न्यायचं याला मर्यादा असते, त्यामुळे रिकामा डबा जितका हलका तितका माल जास्त. आमचा सगळा धंदा या हलकेपणावर उभा आहे, आणि सर त्यावरच पत्रा ठोकायला निघाले होते.

कारण काय, तर आवाज.

बंदरावरच्या माणसांना एक सवय असते. डबा दिसला की ते त्यावर थाप मारतात. स्टील खणखणतं. आदल्या दिवशी आमच्या क्लायंटचे ऑपरेशन्स हेड नटराजन पॅनल बघायला आले आणि त्यांनीही थाप मारली. दबका, मऊ आवाज आला. "प्लास्टिक," ते म्हणाले. "छतावर माझी माणसं चढतात, मॅडम. पायाखाली असा आवाज आला तर उतरून पळतील." मी छताच्या लोड टेस्टचे रिपोर्ट पुढे केले. त्यांनी पान उलटलं नाही.

मला संताप आला होता, आणि तो नटराजनपेक्षा सरांचा जास्त. क्लायंटला कंपोझिटमधलं कळत नसेल तर समजू शकते. पण सरांना पक्कं ठाऊक होतं की एकावर एक डबे रचले की भार कोपऱ्यांच्या खांबांवर येतो, भिंतींवर नाही. खांब आणि चौकट आम्हीही स्टीलचीच ठेवली होती. चिकटवलेल्या पत्र्याने ताकद काडीइतकीही वाढणार नव्हती. वाढणार होतं ते फक्त वजन.

"मी या ड्रॉइंगवर सही करणार नाही," मी सांगितलं.

"मग भास्कर राव करतील. आणि शुक्रवारपर्यंत तुम्ही ठरवा, इथे राहायचं की नाही."

भास्कर राव आमचं प्रॉडक्शन बघतात. तंजावरकडच्या मराठी घरातले. कितीतरी पिढ्यांपूर्वीची मराठी ते तमिळ हेल काढून बोलतात आणि मला अक्का म्हणतात. दुपारी कँटीनमध्ये ते माझ्यासमोर येऊन बसले.

"अक्का, कसाला इतकं भांडण? पत्रा लावून देऊं. ऑर्डर येऊं दे, मग काढूं कीं."

"एकदा लावलेला पत्रा कोण काढतं, भास्कर?"

"तें बरोबर." ते सांबारात चमचा फिरवत राहिले. "पण सर मला साइन करा म्हणतात. घरीं माझा एकट्याचाच पगार आहे, अक्का. मी काय करूं?"

सही करू नका, असं मी त्यांना सांगू शकले नाही. त्यांच्या नोकरीवर माझा हट्ट चालवायचा मला हक्क नव्हता. दोन दिवस थांबा, एवढंच म्हटलं.

मग मी सरळ नटराजनना फोन लावला. मालकाला न विचारता क्लायंटला फोन करणं म्हणजे आमच्याकडे आगाऊपणाचा कळस. म्हटलं, "आमचा नमुन्याचा डबा तुमच्या यार्डात घेऊन येते. शेजारी तुमचा एक डबा ठेवा. तुम्हीच निवडा, चांगल्यातला." ते हो म्हणाले. मग सरांना सांगितलं.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

सर भडकले, पण क्लायंटने होकार दिला होता. आता जाणं भाग होतं.

यार्डात भर दुपारचं ऊन होतं. नटराजननी निवडलेला निळा डबा बाहेरून नीटस होता. त्यांनी त्यावर थाप मारून माझ्याकडे पाहिलं.

"छान वाजतो," मी म्हटलं. "आता आत चला."

डब्याला भोक आहे का हे बघायची एक जुनी, साधी पद्धत आहे. आत उभं राहायचं, बाहेरून दार लावून घ्यायचं आणि कुठून उजेड येतो ते पाहायचं. हे तपासनीस करतात. साहेब लोक करत नाहीत. नटराजन, सर आणि मी आत गेलो. भास्करनी बाहेरून दार लावलं.

भट्टीत शिरल्यासारखं झालं. डोळे अंधाराला सरावले तसे उजेडाचे ठिपके दिसायला लागले. खालच्या कडेला एक ओळ, छताच्या कोपऱ्यात आणखी काही. खाऱ्या हवेने रंगाखालचा पत्रा पोखरला होता.

"माल भिजल्याच्या तक्रारी येतात ना, साहेब?" मी विचारलं.  त्यांनी रुमालाने मान पुसली.

मग आमच्या डब्यात गेलो. दार लागलं आणि मिट्ट काळोख झाला. मधल्या फोममुळे उकाडाही कमी होता. 

"दार उघडायला सांगा," सर हळूच म्हणाले.

"थांबा," नटराजन म्हणाले. ते अजून उजेड शोधत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी मान वर केली. "आणि छत?"

मी शिडी मागवली आणि ओढणी कमरेला बांधून वर चढले. मधोमध जाऊन उभी राहिले. मागे शिडी करकरली म्हणून वळून पाहिलं, तर भास्कर राव वर येत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खाली सर त्यांच्याकडे टक लावून बघत होते. भास्करनी खाली पाहिलंच नाही. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साइन मी करणां, अक्का." त्यांच्या मराठीत म्हणजे, करणार नाही.

शेवटी नटराजन स्वतः चढले. त्यांनी टाच आपटली. पुन्हा आपटली.

"आवाज असाच राहणार?"

"असाच राहणार."

"सरी," ते म्हणाले. म्हणजे ठीक आहे.

ट्रायलसाठी मोजक्या डब्यांची ऑर्डर मिळाली. परतताना गाडीत सर म्हणाले, "निदान दारांना तरी पत्रा लावूया."

"नाही," मी म्हटलं. पुढच्या सीटवरून भास्करही म्हणाले, "नको, सर."

शुक्रवारी सरांनी ड्रॉइंग माझ्या टेबलावर टाकलं. मी आधी वजनाचा रकाना पाहिला, आकडा वाढला नव्हता, मग सही केली. राहायचं की नाही हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. माणूस नव्या वस्तूवर शंका घेतो, तेव्हा त्याला नव्याचे गुण ऐकवत बसू नये. आधी त्याची जुनी वस्तू त्याला दाखवावी. आतून, आणि दार लावून.