मिरजेचा सेंटर फॉरवर्ड

लढाईवरून परत आलेल्या एका सुभेदारांनी आमच्याकडे पोरांची फुटबॉल लीग सुरू केली. सांगली, मिरज आणि आसपासच्या गावांचे संघ. मॅचआधी दोन्ही संघांनी मिळून मैदानातले खडे वेचायचे, आणि बूट असले तर सगळ्यांच्या पायात, नाहीतर सगळ्यांनीच अनवाणी खेळायचं, असे त्यांचे नियम. "लाथ चेंडूला मारायची, मानसाला न्हाई," असं ते दर मॅचला बजावत.

मी सांगलीचा गोलकीपर. मिरजेचा सेंटर फॉरवर्ड माझ्याच वयाचा, रेल्वेतल्या फिटरचा मुलगा. तो मला पहिल्या दिवसापासून खुपायचा. तो चेंडू घेऊन निघाला की आमच्या बाजूची माणसंसुद्धा उभी राहायची. माझे वडील हळदीचे व्यापारी. माझा खेळ बघायला म्हणून यायचे आणि घरी जाताना त्याच्याबद्दल बोलायचे.

मिरजेतल्या एका मॅचला तो एकटाच पुढे घुसला. मी चेंडूवर झेप घेतली ती चुकली. गोल वाचवायला धावलेल्या आमच्याच बॅकचा गुडघा माझ्या खांद्यावर आदळला आणि कडकन आवाज झाला. समोर गोल रिकामा होता. चेंडू नुसता ढकलायचा होता. तो थांबला. चेंडू तिथंच सोडून माझ्याजवळ बसला.

"हात हलवू नगंस गड्या. हाड मोडलंय."

स्वतःचा सदरा काढून त्यानं माझा हात गळ्यात बांधला. दवाखान्यापर्यंत टांग्यात मला धरून बसला. मला वेदनेपेक्षा त्याचाच राग येत होता. त्यानं गोल मारला असता तर मला त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

सुभेदारांनी त्या वर्षीचा खिलाडूपणाचा कप त्याला दिला. तो मला भेटायला घरी आला, तर आईनं माझ्यासाठी केलेला शिरा आधी त्याच्यापुढं ठेवला.

"आवं काकू, ह्याला द्या की आधी."

"तू खा रे. तुझ्यामुळं हात वाचला त्याचा," आई म्हणाली. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो.

पुढच्या हंगामात फायनलला आमची गाठ पडली. आम्ही एका गोलनं पुढं होतो, तोच शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली आणि मारायला तोच आला. मी उजवीकडं झेपावलो. चेंडू बोटांना लागून बाहेर गेला. आम्ही जिंकलो. वर्षभर मी ज्याची वाट पाहिली होती, ते घडलं होतं.

माझे सोबती धावत यायच्या आत तो माझ्यापाशी पोचला. "खांदा दुखला न्हाई न्हवं?" त्यानं विचारलं आणि हसत माझा हात हातात घेतला. हरल्याचा मागमूस चेहऱ्यावर नव्हता.

घरी जाताना वडील म्हणाले, "छान अडवलास." थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "पण तो पोरगा बघितलास?"

मी बघितला होता. तसं हरणं मला कधी जमलं असतं असं वाटत नाही, आणि कप हातात असूनही मला त्याचाच हेवा वाटत होता.