खोलता येणारं घर

आमचं घर खोललं तेव्हा आई आत भाजीला फोडणी देत होती.

जबलपूरच्या भूकंपात आमची वस्ती बसली. मग ट्रकमधून पत्र्याच्या तयार भिंती आल्या. नट-बोल्ट कसले की खोली उभी. आम्हाला नळाजवळची मिळाली. शेजारी काकू, आमच्यासारख्याच विदर्भातल्या. उघड्यावर झोपायचो तेव्हा त्यांनीच मला आपल्या शालीत घेतलं होतं. जात कोणी विचारली नव्हती. आईने नव्या भिंतीवर बुद्धाची तसबीर टांगली आणि काकूंना कळलं.

दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराचा माणूस पाना घेऊन आला.

"अम्मा, आपका कमरा उधर पीछे जाएगा. खुल जाता है, टाइम नहीं लगता."

उधर म्हणजे संडासाला लागून.

काकू त्यांच्या दारात उभ्या. "मनात काही नाही जी ताई. पण आमचे देव आहेत नं इथं. तुमचं काय, उचलून नेता येते."

आईने स्टोव्ह विझवला. भांडी गोळा करू लागली. बाबा खमरियाच्या कारखान्यात फिटर. पत्रा वाकू नये म्हणून भिंत त्यांनीच धरली. मला त्यांचा राग आला. अजून येतो.

बोल्ट सुटतानाची ती करकर गेली नाही. आज पक्क्या घरात, भर दुपारी ऐकू येते. हात आपोआप भांड्यांकडे जातो.

आता मी इंजिनिअर आहे. अशीच घरं उभी करते. कुंडमकडे पुरात घरं गेली, तिथे आमच्या खोल्या लागल्या. नळाजवळच्या खोलीपाशी गावातला एक वजनदार माणूस मला म्हणाला, "मैडम, इन लोगों का कमरा जरा उधर करवा दीजिए. खुल तो जाता है."

आत एक बाई पीठ मळत होती. तिने ऐकलं. कोणी काही सांगायच्या आत पिठाच्या हातांनीच भांडी गोळा करू लागली.

मी तिच्याकडे वळले.

"दीदी, बर्तन वहीं रहने दो."

वेल्डरला हाक मारली. त्या खोलीचा एकूण एक बोल्ट वेल्ड करून घेतला. तो माणूस बघत राहिला.

वरून नोटीस आली आहे. ही घरं परत वापरायची असतात, सरकारी मालाचं नुकसान का केलं. मी लिहून दिलं: केलं, आणि पुन्हा करीन.

नोकरी जाईल तर जाऊ दे. आत चूल पेटलेली असताना मी कोणाला पाना लावू देणार नाही.