गावपळणीतला खुळखुळा

आचऱ्यातल्या निम्म्या पोरांनी पहिल्यांदा मान वळवली ती शेवंतीच्या खुळखुळ्याकडे. आशा कार्यकर्ती झाल्यापासून तो लाल खुळखुळा तिच्या पिशवीत असे. पोर मान धरतं का, हसणाऱ्याला हसून दाखवतं का, आवाजाकडे वळतं का, हे ती गप्पा मारता मारता पाहून घेई. बाई फटकळ, पण हात हलका. तपासणी झाली हे पोराला सोडाच, आईलाही कळत नसे.

एका पोराने मात्र तिची झोप उडवली होती. अक्षयाचा देवेश. नऊ महिन्यांचा झाला तरी ना बा, ना दा. कानामागे खुळखुळा वाजवला तरी ढिम्म. आजी सुभद्रा म्हणायची, "तो देवचाराक आयकता. तुझो खुळखुळो कित्याक आयकतलो?" गाव राखणाऱ्या देवचारापुढे शेवंतीचं काय चालणार? अक्षयालाही सासूचं खरं मानणं सोपं जाई. इस्पितळात जाणं लांबत होतं आणि शेवंतीचा जीव तुटत होता. उशीर झाला तर कानापाठोपाठ पोराची वाचाही जाणार होती.

तेवढ्यात गावपळण आली. देवाचा कौल झाला आणि माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेरच्या झोपड्यांत गेली. तीन दिवस गावात कुणी पाऊल टाकायचं नाही. तिथे तेव्हा कोण वावरतं, हे विचारायचंही नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शेवंती अक्षयाच्या झोपडीत शिरली. देवेश चटईवर पालथा होता. तिने मागून खुळखुळा वाजवला. काही नाही. मग त्याने अचानक मान उचलली, रिकाम्या गावाकडे वळवली आणि ओळखीचं माणूस दिसावं तसा हसला. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"बघलंस? आयकता तो," सुभद्रा हात जोडून म्हणाली. अक्षया रडता रडता हसली.

शेवंतीच्या अंगावर काटा आला. तिला स्वतःला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती खाली बसली, जमिनीवर तळवा टेकला. खालून ठोके येत होते. धीमे, जड, गावात कुणी भात कांडत असावं तसे.

तिला पळून जावंसं वाटलं. पण इतक्या वर्षांची सवय भीतीपेक्षा जबर निघाली. तिने अक्षयाचा हात जमिनीवर ठेवला आणि देवेशला कडेवर घेऊन उभी राहिली. अक्षयाच्या तळव्याखाली ठोके चालूच होते. देवेश तिच्या बांगड्यांशी खेळत राहिला. खाली ठेवताच मान गावाकडे.

"तेका अंगाक कळता, कानाक नाय," शेवंती म्हणाली. "तेका आयकाक येणा नाय गो, अक्षया."

अक्षयाचं हसू विझलं. तळवा तिने उचलला नव्हता. "मगे गावात कांडता कोण?"

"ता माका ठावक नाय. ह्या पोराक मी आजच ओरोसाच्या इस्पितळात न्हेतंय."

सुभद्रा वाकली, सुनेच्या हाताशेजारी आपला हात टेकला आणि बराच वेळ तशीच राहिली.

"कांडप थांबला," ती म्हणाली, आणि स्वतःच नातवाची झबली पिशवीत भरू लागली.