चूक मान्य न करता

चष्मा कपाळावर ढकलायचा, छत्रीचं टोक टीव्हीच्या पडद्याकडे रोखायचं आणि विचारायचं, "कोन्ता वकील स्लॅब टाकून राह्यला रे आज?" एखाद्या मोठ्या तंत्रज्ञान कंपनीवर भागधारकांनी मिळून दावा ठोकल्याची बातमी आली की काकाजींचा हा प्रश्न ठरलेला. त्यांच्या मते अशा दाव्यातून एकच गोष्ट उभी राहते, वकिलाच्या घराचा पुढचा मजला.

वर्ध्याच्या बाजारात, पहिल्या मजल्यावर, माझं शेअर दलालीचं छोटं ऑफिस आहे. काकाजी नालवाडीचे. जन्मभर खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे विकले, मग दुकान मुलाच्या हवाली करून रोज सकाळी माझ्याकडे येऊन बसू लागले. शेअर घ्यायचे चिमूटभर, तुच्छता मात्र ठोक भावात. तुमच्याही ओळखीत असा एक माणूस असेलच, ज्याच्यासमोर नवा शर्ट घालून जायची भीती वाटते.

"कंपनी कोनाची?" ते विचारायचे.

"भागधारकांची," मी म्हणायचो.

"दंड कोन भरन?"

"कंपनी."

"म्हणजे माह्या डाव्या खिशातले पैसे माह्याच उजव्या खिशात. अन् मधात वकील उभा. अरे, येवढे पागल तं आमच्या दुकानातले उंदीरही नाई."

मला त्यांचा मनस्वी राग यायचा. राग येण्याचं कारण हे, की उत्तर सुचायचं नाही.

त्यांच्या दुकानाची एक गोष्ट मला दुसऱ्यांकडून कळली. नाचणगावच्या एका गिऱ्हाइकाच्या फाटकाची बिजागरी महिन्याभरात तुटली. त्याने नुसता निरोप धाडला. काकाजी दुसऱ्याच दिवशी नवी बिजागरी आणि पेचकस घेऊन पुलगावच्या एसटीने नाचणगावला गेले, स्वतः फाटक बसवून दिलं आणि साऱ्या घरासमोर म्हणाले, "चुकलं माह्यं. माल पाहून द्याले पाह्यजे होता." मग चहासुद्धा न घेता परत आले.

मी तसा माणूस नाही. बोरगाव मेघेला एक सिस्टर राहतात, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. त्यांना मी एका कंपनीचे शेअर घ्यायला लावले. मोबाइलवर डॉक्टरांशी गाठ घालून देणारी कंपनी. तिचे कागद मी वाचले नव्हते, जाहिरात तेवढी पाहिली होती. सिस्टरनी गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे त्यात घातले. पुढे उघड झालं की कंपनीने सांगितलेले निम्मे रुग्ण कुठल्याच गावात राहत नव्हते. शेअर आपटला.

काय झालं ते विचारायला सिस्टर आल्या. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी कंपनीला मनसोक्त शिव्या दिल्या. त्यांनी त्या ऐकून घेतल्या आणि तशाच एकेक पायरी उतरून गेल्या.

मग नागपूरच्या एका वकिलाने सामूहिक दावा काढला आणि वर्ध्यातल्या सह्या गोळा करायला मी कंबर कसली. काय तो माझा उत्साह! कंपनी चोर, कंपनी चोर, असं जितक्या मोठ्याने ओरडावं तितकं माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. सिस्टर सहीसाठी दुसऱ्यांदा जिना चढल्या. काकाजींकडेही त्या कंपनीचे पाच शेअर होते, गंमत बघायला घेतलेले. मी कागद त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो छत्रीच्या टोकाने परत सरकवला.

"मले मोजू नको."

"काकाजी, लोकांना फसवलंय त्यांनी!"

"फसवलं ना. मी कुठं नाई म्हणतो? पण सिस्टरबाईले घे म्हणून कोनं सांगितलं?"

मी ऐकू न आल्यासारखं करून फोन उचलला.

दावा रेंगाळला आणि शेवटी तडजोडीत मिटला. आधी वकिलाची फी, मग उरलंसुरलं आमचं. सिस्टरच्या वाट्याच्या पैशांत गुडघ्याला बांधायचा पट्टा आला असता, तोही एकाच गुडघ्याचा. पावतीवर सही करायला त्या तिसऱ्यांदा वर आल्या. सही झाल्यावर माझ्याकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "निदान काहीतरी मिळालं, सिस्टर." इतका नालायक दिलासा मी आयुष्यात दुसऱ्या कुणालाही दिलेला नाही.

काकाजी कोपऱ्यातून सगळं पाहत होते. त्या उतरून गेल्यावर त्यांनी तडजोडीचा कागद घेतला, चष्मा डोळ्यांवर आणला आणि एका ओळीखाली नख ओढलं.

"पाह्य. 'कोणतीही चूक मान्य न करता.'" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे कंपनी तुह्याकडून शिकली, का तू कंपनीकडून?"

मी भडकलो. इथे फुकट पंख्याची हवा खायला येता, उद्यापासून येऊ नका, असं तोंडावर म्हणालो. ते उठले. छत्री टेकत उतरले आणि खरंच परत आले नाहीत. महिन्याभराने त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबा गेले.

मयतीहून परतताना मी गाडी बोरगाव मेघेकडे वळवली. सिस्टरनी भिंतीला धरत दार उघडलं. मयतीहून आलेला माणूस कुणाच्या घरात शिरत नाही, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच म्हणालो, "चुकलो मी. तुमचे पैसे घालायच्या आधी त्या कंपनीचा एक कागदही मी वाचला नव्हता."

त्यांनी दाराची चौकट धरली.

"एवढं आयकाले मी तीन खेपा तुमच्या पायऱ्या चढली, भाऊ," त्या म्हणाल्या. मग माझ्या कपड्यांकडे बघून हलक्या आवाजात म्हणाल्या, "जा आता घरी. आंघोळ करा."

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं. पडद्यावर कुठल्याशा कंपनीवरच्या दाव्याची बातमी सरकत होती. सवयीने मी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. काकाजींना सांगायचं होतं की सिस्टरकडे जाऊन आलो. शाबासकी त्यांनी दिली नसतीच. चष्मा कपाळावर ढकलून एवढंच म्हणाले असते, "तीन खेपा काऊन चढवलं तिले?"

ते ऐकायला मी कुणाचाही जिना चढलो असतो.