विटेखालची गोगलगाय

मागच्या ओलसर बागेत झेंडूच्या कोवळ्या रोपांभोवती काल संध्याकाळी मी सेंद्रिय गोळ्या पसरल्या. त्या खाल्ल्यावर गोगलगायींची भूकच मरते, असे दुकानदार म्हणाला होता. मिठाने होणारी त्यांची तडफड मला पाहवत नसे. त्यामानाने हा उपाय सौम्य वाटला.

सकाळी रोपे शाबूत होती आणि गोगलगाय एकही दिसेना. मातीवर केवळ चकाकत्या रेषा उरल्या होत्या. त्या जातात तरी कुठे, या कुतूहलाने मी उकिडवा बसून एका रेषेचा माग काढू लागलो.

"अहो, रोपं वाचली ना? मग आता काय शोधताय?" पत्नीने मागच्या दारातून विचारले.

"त्या गेल्या कुठे, ते पाहतोय."

"पाहुण्या होत्या का, पोचल्या की नाही बघायला?"

रेष एका ओल्या विटेपाशी संपली. वीट उचलली, तर खाली एक गोगलगाय अंग आखडून पडलेली. गवताची काडी लावताच तिचे एक शिंग किंचित हलले. तो सौम्यपणा तिच्या वाट्याला आला होता, की फक्त माझ्या डोळ्यांच्या?

"मेली का?"

"अजून नाही."

आजाऱ्याच्या खोलीचे दार लोटावे, तशी मी वीट हळूच जागेवर ठेवली.