तिसऱ्या भाषेतली पाटी

आमच्या इंजिनियरसाहेबाचा पासपोर्ट इटलीचा, हिशोब जर्मनमध्ये, आणि वैतागला की पुटपुटणं आईच्या लादिन भाषेत. आखातात, मंगफजवळच्या साइटवर मी स्टोअरकीपर होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. साहेबाला आम्ही ‘पाटीवाला’ म्हणायचो, कारण पाटीशिवाय त्याचं पान हलत नसे.

“साहेब, तुम्ही नक्की कुठले?” मी चहाच्या वेळी विचारलं. “देश इटली,” तो म्हणाला, “पण आमच्या दक्षिण टायरोल प्रांताचा कारभार आम्हीच बघतो. शाळेत, कोर्टात जर्मन चालतं. माझ्या वडलांच्या लहानपणी इटलीच्या सरकारनं जर्मन शाळा बंद पाडल्या होत्या. आता आमच्या खोऱ्यात लादिन बोलणारे मूठभर, तरी पाटीवर तीही असते.” मला हे जरा लाडच वाटले.

एका टाकीत नायट्रोजन भरला होता. अरबी-इंग्रजी पाट्या लागल्या. साहेबानं यादी पाहिली, निम्मे कामगार कोकणातले. “तुमच्या भाषेत लिही.” मी ऐटीत ‘प्रवेश निषिद्ध’ रंगवलं. अर्थ ऐकून त्यानं विचारलं, “तुझ्या आईला एवढ्यावरून कळेल, आत काय आहे ते?” आई दुसरी शिकलेली. मी चडफडत पुन्हा लिहिलं: ‘आत हवा नाही. उतरलात तर मराल.’

चौथ्या दिवशी सदू वेल्डर टाकीच्या तोंडाशी बसलेला दिसला. कुडाळकडचा, पन्नाशीचा, येऊन आठवडाही झाला नव्हता. फोरमननं हिंदीत दुसरी टाकी सांगितली होती, हा इथे चढला. झाकण उघडं, एक पाय आत. त्याला हळूच खाली आणलं. तो म्हणाला, “पाटी वाचलंय म्हणान थांबलंय.”

साहेब धावत आला आणि शिडीच्या पायरीवर मटकन बसला. कोणाला रागावला नाही. पाटी मला मोठ्यानं वाचायला लावली, दोनदा. माझे डोळे भरून आले. अशा पाट्यांना मी मनात लाड म्हटलं होतं, याची मला लाज वाटली, आणि सदू समोर उभा आहे याचं इतकं बरं वाटलं की त्याच्याच खांद्याला धरून मी उभा राहिलो.

दोन वर्षांनी साहेब निवृत्त झाला. कंपनीनं घड्याळ देऊ केलं, त्यानं आठवण म्हणून ती पाटी मागितली. मी पाना घेऊन शिडी चढलो, तर सदू आडवा आला.

“ती हयच ऱ्हवांदे. उद्या आणि कोण तरी येतलो.”

मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं. तो खूप वेळ हसत राहिला, सदूचा हात धरून. मग रिकाम्या हातानं गाडीत बसला.