सहावं बटण

मी नोकरीत काय करते, हे बाबांनी गावाला एका वाक्यात सांगून टाकलं होतं. "आमची पोर शिंपीन झाली. दिसभर बटनं लावते."

वसई स्टेशनजवळच्या एका छोट्या कंपनीत मी दुकानदारांसाठी बिलांचे प्रोग्रॅम बनवायचे. बाबांना एकदा ऑफिसात नेऊन काम दाखवलं, तिथेच चुकलं. पडद्यावर बारीक ठिपक्यांचा करडा चौकोन, त्याला आम्ही फॉर्म म्हणायचो. बाजूच्या पट्टीतून माउसने बटण उचलायचं, फॉर्मवर ठेवायचं, कोपरा धरून लहानमोठं करायचं. नुसतं ठेवलेलं बटण दाबलं तर आत जातं, पण करत काही नाही. त्यावर लागोपाठ दोनदा क्लिक केलं की लिहायची खिडकी उघडते. दाबल्यावर काय व्हायला हवं, ते तिथे लिहायचं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन काजं कोन करतं?"

स्टेशनपर्यंत मी त्यांच्या दहा पावलं पुढे चालत राहिले.

आमचं कायमचंच विळ्याभोपळ्याचं सख्य. नायगावच्या खाडीलगत घर, भातशेती, आणि बाबांचा आवाज असा की शेजारच्या शेतातली माणसं दचकायची. मीही त्यांचीच मुलगी. एका खोलीत बसलो की भांडण ठरलेलं, म्हणून आम्ही बसायचोच नाही. ते ओटीवर, तर मी आत.

एका सकाळी बाबा विहिरीपाशी पडले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतंय सगळं, पण शब्द येणार नाहीत. ज्यांच्या तोंडाला गावात कुणी लागत नसे, ते आता डावा हात खाटेवर आपटायचे. आम्ही भलतंच काहीतरी आणून द्यायचो आणि ते भिंतीकडे तोंड करायचे. ते मला बघवत नसे. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तरी मी पेढे वाटले असते.

मग ऑफिसातला जुना कॉम्प्युटर मागून घेतला, रिक्षातून आणला आणि खाटेशेजारच्या टेबलावर मांडला. माउस त्यांच्या डाव्या हाताशी. फॉर्मवर तळहाताएवढी बटणं ठेवली, प्रत्येकावर चित्र: पाणी, पंखा, उशी, लघवी, दुखणं. दाबलं की आईच्या आवाजात तो शब्द वाजायचा, चुलीपर्यंत ऐकू जाईल असा. वरच्या ओळीत तीन बटणं झाली, खालच्या ओळीत दोनच. ओळ अर्धी राहिलेली मला सहन होत नाही, हा धंद्याचा रोग. म्हणून सहावं नुसतंच ठेवलं, चित्राशिवाय. पुढे काही सुचलं तर बघू म्हटलं.

पहिल्यांदा आईचा आवाज "पानी" म्हणाला आणि खरी आई तांब्या घेऊन धावत आली, तेव्हा बाबा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले.

आठवडाभरात ते सराईत झाले. मग एक नवीनच सुरू झालं. संध्याकाळी मी घरात आले की ते सहावं बटण दाबायचे. आवाज नाही, काही नाही, नुसतं माउसचं टक् टक्. मला वाटलं हात चुकतोय, म्हणून मी बटणं एकमेकांपासून आणखी लांब लांब ठेवली. तरी सहावंच. मग खाटेशी स्टूल ओढून विचारायला लागले. चहा? मान नकारार्थी. खिडकी उघडू? नाही. शेताचं काही? बांध फुटला नाही, बघून आलेय मी. पलीकडच्यांनी जमीन बिल्डरला दिली, त्याचं वाईट वाटतंय? नाही. विचारता विचारता मी गावभरचं सांगून टाकायचे, ते ऐकायचे आणि मान हलवायचे. वैतागून उठले की पुन्हा टक्.

एका रविवारी मी रडकुंडीला आले. आईला म्हटलं, "ह्यांना काय हवंय तेच मला कळत नाही. मी बटणावर लिहू तरी काय?"

आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांना काय पन नको. पानी दाबलं तर तू पानी देतेस आन जातेस. ते बटन दाबलं की बसतेस. नुसती बस तू."

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि खूप रडले. जन्मभर त्यांनी मला कधी "बस" म्हटलं नव्हतं. आता म्हणत होते, तर मी त्याची दुरुस्ती करत होते. त्यानंतर रोज बसले. पण ते दिवस फार मिळाले नाहीत. थंडीत दुसरा झटका आला आणि बाबा गेले.

दिवसकार्य उरकल्यावर पाहुणे गेले. कॉम्प्युटर ऑफिसला परत द्यायचा होता. आवरण्याआधी मी तो सुरू केला, फॉर्म उघडला आणि सहाव्या बटणावर दोनदा क्लिक केलं. लिहायची खिडकी उघडली. एक सुरुवातीची ओळ, एक शेवटची, कॉम्प्युटरने आपणहून घातलेल्या. मधली जागा कोरी. तिथे रेघ लुकलुकत होती.

माउसचा आवाज आई ओळखायला लागली होती. चुलीपासून तिने विचारलं, "काय पायजे गो?"

"काय पन नको," मी म्हटलं. "तू इथं येऊन बस जरा."